प्रौढांच्या ओसीडीवरील उपचार : महाराष्ट्रात मिळणाऱ्या सेवांचे एका रुग्णाने केलेले परीक्षण

ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजेच ओसीडी, या आजारावर उपचार घेऊ पाहणाऱ्या प्रौढ व्यक्तीपुढे पुण्या-मुंबईसारख्या शहरात आज पर्यायांची वाण नाही. मनोविकारतज्ज्ञांचे खासगी दवाखाने आहेत, सरकारी रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग आहेत, समुपदेशन केंद्रे आहेत, मोबाइलवरची ॲप्स आहेत आणि मेंदूला चुंबकीय स्पंदने देणारी केंद्रेही आहेत. वाण आहे ती या सगळ्यांपैकी ओसीडीवर खरोखर काय चालते आणि केवळ तासभर बरे वाटायला कशाने लागते, हे रुग्णाच्या बाजूने सांगणाऱ्या माहितीची. हा आजार घेऊन मी अनेक वर्षे जगते आहे, यांतल्या बऱ्याच सेवा मी स्वतः घेतल्या आहेत आणि उरलेल्यांविषयी स्वमदत गटातील सहकाऱ्यांकडून ऐकण्याबरोबरच जे वाचण्यासारखे आहे ते वाचलेही आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे पुढे आलेल्या औषधांच्या नावांचा आणि मात्रांचा उपयोग आपल्या डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारण्यापुरताच करावा, आपल्या मनाने गोळी सुरू करण्यासाठी किंवा थांबवण्यासाठी नव्हे.

परीक्षणाची कसोटी आधी स्पष्ट करते. ओसीडीत नको असलेला विचार, चित्र किंवा ऊर्मी मनात घुसते, तिच्यामुळे जीव कासावीस होतो आणि ती घालमेल शमवण्यासाठी माणूस एखादी कृती करतो. हात धुणे, गॅसचा रेग्युलेटर पुन्हा पाहणे, कुलूप ओढून बघणे, मनातल्या मनात स्तोत्र पहिल्यापासून म्हणणे किंवा नवऱ्याला तोच प्रश्न पुन्हा विचारणे, यांपैकी काहीही ती कृती असू शकते. कृती केली की क्षणभर सुटका मिळते, आणि ती सुटकाच पुढच्या वेळी कृतीची सक्ती अधिक घट्ट करते. म्हणून ज्या सेवेमुळे कृती न करता त्या अस्वस्थतेत राहण्याची रुग्णाची ताकद वाढते ती माझ्या लेखी उपयोगी, आणि जी केवळ शंकानिरसन करून घरी पाठवते ती कितीही प्रेमळ असली तरी निरुपयोगी, किंबहुना अपायकारक. देशाच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमधील ओसीडीचे प्रमाण ०.८ टक्का आढळले होते. हजारात आठ माणसे म्हणजे एखाद्या मोठ्या गृहसंकुलातसुद्धा काही जण निघतील, आणि तरीही आपल्याकडे हा आजार ‘तिला फार स्वच्छता लागते’ किंवा ‘तो जरा मंत्रचळेपणा करतो’ अशा शेऱ्यांखाली वर्षानुवर्षे दडून राहतो. लहान मुलाला आपल्याच हातून इजा होईल, देवासमोर हात जोडताना मनात शिवी येईल, आपण नकळत कुणाला गाडीखाली घेतले असेल, अशा विचारांनी पोखरलेली माणसे तर लाजेपोटी कुणाशी बोलतही नाहीत.

पहिली सेवा निदानाची. चांगला मनोविकारतज्ज्ञ कसा ओळखावा, याचे माझे उत्तर सोपे आहे : तो आजार मोजतो. ओसीडीची तीव्रता मोजणारी येल-ब्राउन मापनश्रेणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ४०. १६ ते २३ गुण म्हणजे मध्यम आजार, २४ ते ३१ म्हणजे तीव्र. सक्तीचे विचार आणि कृती यांत दिवसाचा किती वेळ जातो, कामात किती अडथळा येतो, त्यांना विरोध करण्याचा प्रयत्न किती होतो आणि त्यांवर ताबा किती राहतो, असे नेमके प्रश्न त्यात आहेत. ही श्रेणी भरून घ्यायला फार वेळ लागत नाही, पण तिचा फायदा पुढची अनेक वर्षे मिळतो, कारण ‘आता बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला ओसीडीचा रुग्ण कधीच सरळ उत्तर देऊ शकत नाही. गुण साधारण ३५ टक्क्यांनी उतरले तर उपचार लागू पडला, असे संशोधनात मानतात. अशी मोजणी न करणारा डॉक्टर वाईट असतो असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांकडे ती होत नसेल तर आपणहून विनंती करा. ती सहसा नाकारली जात नाही.

औषधांविषयी आपल्या घरांमध्ये भीती फार. ‘झोपेच्या गोळ्या’, ‘सवय लागते’, ‘डोक्याच्या गोळ्या’ हे शब्द मी माझ्या सासर-माहेरच्या दोन्ही घरांत ऐकले आहेत. ओसीडीची मुख्य औषधे झोपेची नाहीत आणि त्यांचे व्यसनही लागत नाही. फ्लुओक्सेटीन, फ्लुव्होक्सामीन, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, एसिटालोप्राम ही एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, औषधे पहिल्या फळीत येतात. त्यांच्याआधीचे क्लोमिप्रामीन हे ओसीडीसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळालेले पहिले औषध. ती मान्यता १९८९ ची. ते प्रभावी आहे, पण तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, हात थरथरणे, वजन वाढणे यांमुळे आणि हृदयाच्या लयीवर लक्ष ठेवावे लागत असल्याने बहुतेक डॉक्टर ते दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

औषधोपचाराच्या सेवेत मला दोन उणिवा पुन्हा पुन्हा दिसल्या. पहिली मात्रेची. नैराश्यात पुरेशी ठरणारी मात्रा ओसीडीत अनेकदा पुरत नाही. सर्ट्रालीन २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि फ्लुओक्सेटीन ६० ते ८० मिलिग्रॅमपर्यंत न्यावे लागू शकते. दुसरी उणीव मुदतीची. या आजारात योग्य मात्रेवर १० ते १२ आठवडे थांबल्याशिवाय औषध निष्फळ ठरले असे म्हणता येत नाही. परंतु तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळी बदलायची, पुन्हा महिन्याने बदलायची, आणि शेवटी चार औषधे ‘वापरून झाली’ तरी एकाचीही रीतसर परीक्षा झालेली नाही, अशी चिठ्ठ्यांची जाडजूड फाइल आमच्या गटातले कितीतरी जण घेऊन फिरत असतात. हे टाळायचे असेल तर प्रत्येक औषधाचे नाव, सर्वांत जास्त मात्रा, त्या मात्रेवरचे आठवडे आणि झालेला त्रास एका वहीत लिहून ठेवावा. माझ्या सध्याच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत हीच वही मागितली होती आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथूनच सुरू झाला.

दुष्परिणामांबद्दल मोकळेपणाने बोलणारे डॉक्टर मात्र कमी भेटतात. सुरुवातीची मळमळ, डोकेदुखी, झोपेतले बदल आठ-पंधरा दिवसांत निवळतात, हे सगळे सांगतात. लैंगिक इच्छा आणि क्षमता यांवर होणारा परिणाम मात्र बहुतेक जण रुग्णाने विचारल्याशिवाय काढत नाहीत, आणि आपल्याकडे विवाहित स्त्रीने तो प्रश्न डॉक्टरांपुढे काढायचा म्हणजे किती धैर्य लागते ते मला ठाऊक आहे. मूल होऊ देण्याचा विचार असेल, गर्भारपण असेल किंवा नुकतीच प्रसूती झाली असेल तर हे बोलणे आणखी आवश्यक आहे, कारण या काळात ओसीडी नव्याने सुरू होऊ शकतो किंवा बळावू शकतो आणि घाबरून औषध एकदम बंद करणे हाच अनेकींचा पहिला निर्णय असतो. ही औषधे, विशेषतः पॅरोक्सेटीन, अचानक थांबवली तर चक्कर, चिडचिड, अंगातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. ती हळूहळूच उतरवावी लागतात. बरे वाटू लागल्यावरही किमान वर्ष-दोन वर्षे ती चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

एवढे करून औषधांचा निकाल काय? पुरेशी मात्रा आणि पुरेसा काळ दिला तर निम्म्याच्या आसपास रुग्णांना पहिल्या औषधाने लक्षणीय फरक पडतो. फरक म्हणजे पूर्ण मुक्ती नव्हे. माझ्या बाबतीत औषधाने विचारांचा आवाज खाली आणला. पण सवयी तशाच राहिल्या. क्लोनाझेपामसारख्या शामक गोळ्या पुष्कळ चिठ्ठ्यांवर दिसतात. त्या ओसीडीचा मुख्य उपचार नाहीत, आणि अस्वस्थता उठताच गोळी घेण्याची सवय लागली तर ती गोळीच एक सक्तीची कृती होऊन बसते.

आता ज्या सेवेसाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले तिच्याकडे येते. तिचे नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. भीती वाटते त्या गोष्टीला ठरवून सामोरे जायचे आणि त्यानंतरची सक्तीची कृती करायची नाही, इतकेच तिचे सूत्र. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर अशा पद्धतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे लंडनमध्येच स्टॅन्ली रॅकमन आणि अमेरिकेत एडना फोआ यांच्या कामातून तिला आजचे रूप आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२२ प्रौढांना ईआरपी, क्लोमिप्रामीन, दोन्ही एकत्र किंवा नुसती बनावट गोळी दिली गेली. बारा आठवड्यांनंतर ईआरपी घेतलेल्यांपैकी ६२ टक्के, दोन्ही घेतलेल्यांपैकी ७० टक्के, केवळ क्लोमिप्रामीनवर असलेल्यांपैकी ४२ टक्के, तर बनावट गोळीवरच्या ८ टक्के जणांमध्ये चांगली सुधारणा दिसली. २०१३ चा दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो आमच्यासारख्यांचा आहे : औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या शंभर जणांत कुणाला जोडीला ईआरपी मिळाली, कुणाला रिस्पेरिडोन हे जोडीला देण्याचे दुसऱ्या गटातले औषध, कुणाला बनावट गोळी. आठ आठवड्यांत ईआरपीच्या गटातील ८० टक्के जणांना गुण आला, रिस्पेरिडोनच्या गटात २३ टक्के जणांना आणि बनावट गोळीच्या गटात १५ टक्के जणांना. इतका फरक असूनही आपल्याकडे औषध अपुरे पडले की दुसरी गोळी जोडली जाते, थेरपिस्टचा पत्ता क्वचित दिला जातो. याचे साधे कारण असे की ईआरपी शिकलेली माणसेच फार थोडी आहेत.

प्रत्यक्ष सेवा कशी असते ते सविस्तर सांगते, कारण नावाखाली बरेच काही खपवले जाते. सुरुवातीची सत्रे आजाराचा नकाशा काढण्यात जातात. कोणत्या गोष्टी टाळता, कोणत्या कृती करता, मनातल्या मनात काय करता, घरच्यांकडून काय करवून घेता, हे सगळे कागदावर येते आणि प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० असे अस्वस्थतेचे गुण देऊन सोप्याकडून अवघडाकडे जाणारी शिडी तयार होते. माझ्या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर चपलांच्या रॅकला हात लावून हात न धुता फोन हाताळणे होते. मधल्या पायऱ्यांवर रेग्युलेटर एकदाच बंद करून, कडी एकदाच घालून, मागे न पाहता जिना उतरणे होते. वर गर्दीच्या पीएमपी बसमधून उतरल्यावर त्याच हाताने भेळ खाणे होते. विचारांचा आजार असलेल्यांची शिडी वेगळी असते. बाळ शेजारी खेळत असताना विळीवर भाजी चिरणे, मनात आलेल्या भयंकर वाक्याची स्वतःच्या आवाजात ध्वनिफीत करून ती ऐकणे, देवाला नमस्कार करताना नको तो शब्द आला तरी नमस्कार पुन्हा न करणे, अशा पायऱ्या मी गटातील सहकाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. धार्मिक विषयात चांगला थेरपिस्ट श्रद्धेला धक्का लावत नाही. पूजा कशी करावी हे तो घरातल्या रीतीवर सोडतो आणि भीतीपोटी वाढलेला भाग तेवढा वेगळा काढतो.

पहिल्या काही आठवड्यांत हा उपचार कष्टाचा असतो आणि ते लपवू नये. घालमेल वाढते, रडू येते, थेरपिस्टचा राग येतो. पण ‘भीती कमी होईपर्यंत थांबा’ एवढ्यावर हा उपचार आता थांबत नाही. भीती असतानाही कृती टाळता येते आणि ज्या अनर्थाची खात्री वाटत होती तो घडत नाही, किंवा घडेल की नाही हे न कळताही जगता येते, हा अनुभव मेंदूत नव्याने नोंदवला जाणे महत्त्वाचे मानतात. मला स्वतःला सर्वांत अवघड गेली ती ही अनिश्चितता. हात धुणे थांबवणे त्यामानाने सोपे. मनातल्या मनात ‘आपण गॅस नक्की बंद केला होता’ याची उजळणी थांबवणे फार कठीण, कारण ती बाहेरून कुणाला दिसत नाही. माझ्या थेरपिस्टनी ती उजळणी अचूक पकडली आणि तिलाही कृती मानून शिडीवर घेतले. या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या सेवेला माझ्याकडचे सर्वांत वरचे माप देते.

उलट अनुभवही लिहायला हवा. त्याआधी मी एका समुपदेशन केंद्रात बरेच महिने जात होते. तिथल्या ताई अत्यंत आपुलकीने ऐकत, बालपणाविषयी विचारत आणि निघताना ‘तुमच्या हातून काही वाईट होणार नाही, मला खात्री आहे’ असे सांगत. मला त्या वाक्याची तहान लागू लागली. आठवड्याची भेट हीच माझी नवी तपासणी झाली. विचार आला की मनगटावरचे रबर ओढून ‘थांब’ म्हणायचे, असाही उपाय तिथे दिला गेला. विचार दाबण्याचा असा प्रयत्न ओसीडीत उलटतो. दाबलेला विचार दुप्पट जोराने येतो. त्या ताईंच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण हेतू आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून वेळ ठरवण्यापूर्वी फोनवरच विचारावे : आपण ओसीडीसाठी ईआरपी करता का, एक्सपोजर सत्रात प्रत्यक्ष करून घेता का, घरचा अभ्यास देता का, कुटुंबीयांना बोलावता का? यांवर ‘आम्ही सर्व पद्धतींचा मेळ घालतो’ असे गोल उत्तर आले तर मी दुसरीकडे जाईन. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असतात. ती नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये. समुपदेशक या नावामागे मात्र काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमापासून उत्तम पदव्युत्तर शिक्षणापर्यंत काहीही असू शकते. पुण्या-मुंबईत एका सत्राचे शुल्क साधारण हजार ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान असते आणि सत्रे आठवड्याला एक-दोन याप्रमाणे काही महिने चालतात. मध्यमवर्गीय घरालाही हा खर्च जाणवतो. तरीही निवड करावीच लागली तर मी अनेक वर्षांच्या मनमोकळ्या गप्पांपेक्षा काही महिन्यांची काटेकोर ईआरपी घेईन.

या उपचारात घरातल्या माणसांचा वाटा इतका मोठा आहे की त्यांना सत्रात न बोलावणारी सेवा मी अपुरी मानते. रुग्णाचा त्रास बघवत नाही म्हणून घरचे त्याच्यासाठी दारे तपासतात, वेगळे टॉवेल ठेवतात, त्याच प्रश्नाला शंभरदा उत्तर देतात, आणि नकळत आजाराला खतपाणी घालतात. आमच्या घरी ‘अहो, गॅस बंद केला होता ना मी?’ या माझ्या प्रश्नाला मिस्टरांनी ‘अगं, याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय; पण मी इथंच बसलोय’ असे म्हणायचे, हे थेरपिस्टनी दोघांना समोर बसवून शिकवले. सासूबाईंनाही एका सत्राला बोलावले होते. उत्तर नाकारायचे, पण सोबत नाकारायची नाही, हा फरक त्यांना जितका लवकर कळला तितका मलाही कळला नव्हता.

ज्यांचा आजार अतितीव्र आहे, जे घराबाहेर पडू शकत नाहीत किंवा ज्यांचा दिवसच्या दिवस न्हाणीघरात जातो, त्यांना आठवड्यातून एक तास पुरत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र विशेष विभाग आहे आणि तिथे गरजेनुसार दाखल करून सघन उपचारही केले जातात; महाराष्ट्रातून तिथे जाणारे रुग्ण पुष्कळ आहेत. भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेची ओसीडीवरील २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही तिथल्याच तज्ज्ञांनी लिहिलेली आहेत. नॉर्वेतील बर्गन शहरात तर सलग चार दिवसांची ईआरपी विकसित झाली असून तिचे निकाल उत्साह वाढवणारे आहेत. अशी सघन सेवा महाराष्ट्रात सहज मिळू लागणे ही माझ्या मते आजची सर्वांत मोठी गरज आहे.

ऑनलाइन सेवांविषयी माझे मत संमिश्र आहे. व्हिडिओवरून मिळणारी ईआरपी नीट चालते, आणि काही बाबतींत प्रत्यक्ष भेटीपेक्षा सरस ठरते, कारण माझा रेग्युलेटर, माझे कुलूप आणि माझे न्हाणीघर माझ्या घरात आहे, दवाखान्यात नाही. सोलापूर, नांदेड किंवा चिपळूणच्या रुग्णाला पुण्यातला थेरपिस्ट मिळतो तो याच मार्गाने. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसालाही आपल्या भाषेत सोवळ्या-ओवळ्याच्या शंका बोलून दाखवता येतात. त्याउलट, प्रश्न विचारताच धीर देणारी संवादी ॲप्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे चॅटबॉट यांपासून ओसीडीच्या रुग्णाने सावध राहावे असे मी कळकळीने सांगेन. मध्यरात्रीसुद्धा न कंटाळता ‘नाही, तुमच्याकडून पाप झालेले नाही’ असे सांगणारे यंत्र म्हणजे कधीच न थकणारा शंकानिरसक, आणि आमच्या आजाराला नेमके तेच हवे असते.

मेंदूला चुंबकीय स्पंदने देण्याच्या उपचाराची, म्हणजे टीएमएसची, जाहिरात आता शहराशहरांत दिसते. खोलवर पोहोचणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या टीएमएसला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ओसीडीसाठी मान्यता दिली. त्यामागच्या अभ्यासात सहा आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटातील ३८ टक्के आणि बनावट उपचाराच्या गटातील ११ टक्के जणांना गुण आला होता. आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांत मात्र साधे, आठच्या आकड्यासारखे कॉइल वापरतात, ज्याचे निकाल इतके एकसारखे नाहीत. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी यंत्र कोणते, मेंदूच्या कोणत्या भागावर आणि किती सत्रे, हे लेखी घ्यावे; आणि ईआरपी एकदाही न करून पाहिलेल्या रुग्णाला कुणी थेट टीएमएस सुचवत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मेंदूत विद्युतअग्र बसवण्याची शस्त्रक्रिया आणि मेंदूतील मार्ग छेदण्याची शस्त्रक्रिया हे पर्याय सर्व उपाय थकलेल्या मोजक्या रुग्णांसाठी आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९६ नुसार मनोशल्यक्रियेसाठी रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि संबंधित मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात. ही अट योग्यच आहे.

आयुर्वेद, होमिओपॅथी, ध्यान यांविषयी नेहमी विचारले जाते. ओसीडीवर मुख्य उपचार म्हणून यांपैकी कशालाही औषधे व ईआरपी यांच्या तोडीचा आधार नाही. ध्यानाने मला विचाराकडे तटस्थपणे पाहायला मदत झाली, पण त्याचा उपयोग ईआरपीला पूरक म्हणूनच झाला.

खर्चाच्या बाजूने सरकारी सेवांना मी बरेच वरचे स्थान देते. मुंबईतील केईएम, नायर, शीव, पुण्यातील ससून यांसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे, आणि निदान व औषधे या दोन्हींसाठी ही ठिकाणे भरवशाची आहेत. सरकारी विभागांतील गर्दीमुळे ईआरपीला लागणारा निवांत वेळ तिथे मिळणे कठीण असते; तेव्हा औषधे सरकारी रुग्णालयातून आणि थेरपी बाहेरून, अशी सांगड अनेक जण घालतात. जनऔषधी केंद्रांत यांतली काही औषधे मूळ रासायनिक नावाने बरीच स्वस्त मिळतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल किंवा जवळचे सरकारी केंद्र माहीत नसेल तर तो क्रमांक हाताशी असावा. नियमित ईआरपीची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

विम्याबाबत वर उल्लेखलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. तो मे २०१८ मध्ये लागू झाला असून मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यावा, असे त्याच्या कलम २१ मध्ये म्हटले आहे. प्रत्यक्षात बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्चच देतात, आणि ओसीडीचा बहुतेक खर्च बाह्यरुग्ण भेटींचा व थेरपीचा असतो. म्हणून पॉलिसी घेताना किंवा नोकरीतील गटविम्याची माहिती घेताना बाह्यरुग्ण खर्चाचे कलम नीट वाचावे. काही कंपन्यांच्या कर्मचारी साहाय्य योजनेत मोजकी सत्रे मोफत मिळतात. ती घेण्यापूर्वी तिथल्या समुपदेशकांनाही ईआरपीचाच प्रश्न विचारावा.

शेवटची गोष्ट पाठपुराव्याची, आणि याबाबतीत सेवा-सेवांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आढळतो. ओसीडी बदलीच्या, बाळंतपणाच्या, घरातल्या आजारपणाच्या काळात डोके वर काढतो. माझ्या थेरपिस्टनी नियमित सत्रे संपवताना पुढच्या काही महिन्यांसाठी महिन्यातून एक भेट आधीच ठरवून दिली, जुन्या सवयींपैकी कोणती परतली तर लगेच फोन करायचा याची यादी माझ्याकडूनच लिहून घेतली आणि त्या यादीची एक प्रत मिस्टरांकडे दिली. औषध कमी करण्याचा निर्णयही त्यांनी आणि डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून, घरात काही मोठा बदल नसलेला काळ पाहून घेतला. डॉक्टर आणि थेरपिस्ट असे आपसात बोलतात का, हे नव्या रुग्णाने पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.